आमची वाटचाल: घुमणाऱ्या केबिनपासून

भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती मेश करून देण्यापासून. मोठ्या कंपन्यांकडून कॅड फाइल (यंत्रभागाचं संगणकावरचं चित्र) यायची, आम्ही तिचे लाखो तुकडे पाडून परत पाठवायचो. या तुकड्यांच्या जाळ्यालाच मेश म्हणतात. त्यावर गणित करून उत्तर काढायचं काम मात्र दुसऱ्यांचं.

ते आमच्याकडे आलं ट्रॅक्टरच्या एका केबिनमुळे. ठरावीक वेगाला केबिन घुमते, अशी ग्राहकाची तक्रार होती. तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात २२०० आरपीएमला सेकंदाला ५५ स्फोट होतात. इंजिनाच्या आवाजात त्याच्या दुप्पट वारंवारताही असते, ती ११० हर्ट्झ (सेकंदाला ११० कंपनं). केबिन आतून साधारण दीड मीटर लांब. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर तेवढ्या बंद पोकळीची पहिली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे जिला आतली हवा सहज घुमते ती, ११४ हर्ट्झच्या आसपास येते. दोन्ही आकडे इतके जवळ, तर केबिन घुमणारच! पण तिरकी काच, सीट, डॅशबोर्ड धरून नेमका आकडा काढायचा तर कागदावरचं गणित पुरत नाही.

तिथे आम्हाला बाउंडरी एलिमेंट पद्धत भावली. आतल्या हवेचा मेश नको, फक्त पृष्ठभागाचा पुरे. काच थोडी कलवली तर तेवढाच भाग बदलायचा. अडचण वेगळीच आहे. फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे आतल्या सगळ्या हवेचा मेश करणाऱ्या पद्धतीत, वारंवारता मॅट्रिक्सच्या (समीकरणांतल्या आकड्यांच्या कोष्टकाच्या) बाहेर राहते. इथे ती प्रत्येक पदाच्या घातांकात शिरलेली असते, त्यामुळे आयगेनव्हॅल्यूचा, म्हणजे नैसर्गिक वारंवारता शोधायचा, प्रश्न अरेषीय होतो आणि नेहमीच्या रीतीने सुटत नाही. पूर्वी आम्ही एकेक हर्ट्झ पुढे सरकत डिटरमिनंट (मॅट्रिक्सवरून निघणारा एक आकडा, नैसर्गिक वारंवारतेला तो शून्य होतो) कुठे शून्याकडे झुकतो ते बघत बसायचो. दोन मोड (घुमण्याचे प्रकार) वारंवारतेत अगदी जवळ असले की एक निसटायची धास्ती.

कंटूर इंटिग्रल पद्धतीने आमचं कामच पालटलं. साकुराई आणि सुगिउरा या जपानी संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे अरेषीय प्रश्नांनाही लागू झाली. संमिश्र प्रतलात (वास्तव आणि काल्पनिक अशा दोन अक्षांच्या संख्यांच्या पटलावर) वर्तुळ आखायचं, त्यावरच्या मोजक्या बिंदूंवर समीकरणं सोडवायची, की वर्तुळातल्या सगळ्या वारंवारता एकदम हाती येतात. प्रत्येक बिंदूचं गणित स्वतंत्र, म्हणून ते वेगवेगळ्या संगणकांवर वाटता येतं. आमच्यासारख्या छोट्या फर्मला हे फार मोलाचं.

बाउंडरी एलिमेंटची मॅट्रिक्स मात्र भरगच्च असते, तिच्यात शून्यं जवळजवळ नसतातच. १०,००० अज्ञातांना १.६ जीबी मेमरी नुसती ती साठवायलाच लागते. म्हणून साध्या केबिनसाठी फायनाइट एलिमेंटच बरं, हे आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

नव्या मुलांना पहिलं काम ठरलेलं: एक मीटर त्रिज्येचा, कडक भिंतीचा पोकळ गोल. त्याची शून्याव्यतिरिक्त पहिली वारंवारता ११३.६ हर्ट्झ. तो आकडा आल्याशिवाय ग्राहकाच्या फाइलला कोणी हात लावत नाही.