आठव्या रात्री यूव्ही सेटी भडकला

एकदा तरी यूव्ही सेटी या ताऱ्याचा भडका, म्हणजे त्याचं अचानक उजळणं, आपल्या कॅमेऱ्यात धरायचं, हे माझ्या मनात फार दिवस होतं. दिवाळीनंतर भोरजवळ मामांच्या घरी गेले आणि गच्चीवर 8 इंची दुर्बीण मांडली.

हा जोडतारा आपल्यापासून फक्त 8.7 प्रकाशवर्षांवर आहे. बीएल सेटी आणि यूव्ही सेटी हे दोन लाल बटू, म्हणजे छोटे आणि मंद तारे साधारण साडेसव्वीस वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात. प्रत्येकाचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं. त्यामुळे इतके जवळचे शेजारी असूनही ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. माझ्या कॅमेऱ्यात तर दोघांचा मिळून एकच ठिपका येतो. विलेम लायटन यांनी 1948 साली ही जोडी शोधली. 1952 मध्ये यूव्ही सेटी 20 सेकंदांत 75 पट उजळल्याची नोंद आहे, आणि अशा ज्वालाताऱ्यांच्या अख्ख्या वर्गाला त्याचंच नाव मिळालं आहे.

शोधायला सोपा वाटला होता. टाउ सेटी हा जवळपासचा तारा डोळ्यांनी दिसतो, तिथून नैर्ऋत्येला सव्वादोन अंश सरकायचं. पण मी आकाशातल्या जागेचे 2000 सालचे निर्देशांक घेतले होते. या जोडीची निजगती, म्हणजे आकाशातलं सरकणं, वर्षाला सुमारे 3.4 विकला (60 विकला म्हणजे एक कला, 60 कला म्हणजे एक अंश), म्हणजे पाव शतकात ती जवळजवळ दीड कला पूर्वेला गेलेली. पहिली रात्र मी मन लावून भलताच तारा मोजला. दुसऱ्या दिवशी जुना फोटो शेजारी ठेवला, तेव्हा लक्षात आलं.

मग पद्धत बसवली. निळा फिल्टर, कारण भडका निळ्या रंगात जास्त उठून दिसतो. 30-30 सेकंदांचे फोटो सलग. त्याच चौकटीतले दोन स्थिर तारे तुलनेला, शिवाय तिसरा पडताळणीला. विरळ ढग आला तर सगळेच मंदावतात, भडका असेल तर एकटा आपलाच उसळतो.

तिसऱ्या रात्री उजेडाच्या आलेखावर एक बिंदू टणकन वर गेला. मी उठून उभीच राहिले. मूळ फोटो मोठा करून बघितला तर ताऱ्यावर एकाच पिक्सेलचा टोकदार पांढरा टोचा. हवेतून आलेला ताऱ्याचा प्रकाश नेहमी थोडा पसरलेला असतो. हा वैश्विक किरणाचा, म्हणजे अवकाशातून येऊन थेट कॅमेऱ्यावर आदळलेल्या कणाचा फटका होता. पुढच्या चार रात्री सपाट रेषा आणि दुर्बिणीवर दव.

"अगं, रोज तोच तारा काय बघतेस?" आठव्या रात्री चहा घेऊन आलेल्या मामांनी विचारलं. मी त्यांना सांगत होते, की हे तारे आतून पूर्ण खदखदतात, स्वतःभोवती सहा तासांच्या आत फिरतात, म्हणून त्यांची चुंबकीय क्षेत्रं पिळवटून तुटतात आणि पुन्हा जुळताना... तेवढ्यात आलेख उचलला. पुढच्या फोटोत सव्वा प्रत (ताऱ्यांची तेजस्विता मोजायचं माप) वाढ, म्हणजे तिप्पट उजेड! फोटो मोठा केला, ठिपका व्यवस्थित गोल. पडताळणीचा तारा जागच्या जागी. मामा कप हातात धरून तसेच उभे राहिले. उतार मात्र सावकाश होता, मूळ पातळीवर यायला चौदा मिनिटं लागली.

चुकीच्या ताऱ्याची पहिली रात्र वगळून बाकी सगळ्या रात्रींची मोजमापं मी अशा नोंदी गोळा करणाऱ्यांकडे पाठवली, सपाट रेषांचीसुद्धा. तारा किती तासांनी भडकतो हे काढायचं, तर तो न भडकलेले तासही मोजावे लागतात.