एफ ६ कुठं लिहिलंय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की अडत दुकानांत पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदांची, घाई उडते. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात ते मी लिहिते.

मार्चमध्ये एका दुकानात प्रिंटर जोडायला गेले होते. एकाच शेतकऱ्याचे तीन लॉट, हळकुंड, गड्डा आणि कणी, आणि दिवाणजी तिन्ही वेळा नाव-गाव पहिल्यापासून टाइप करत होते. म्हटलं, "दिवाणजी, एफ ६ दाबा की." दाबलं. वरची ओळ जशीच्या तशी खाली उतरली.

"ताई, हे कधीपासनं आहे?"

पहिल्या दिवसापासून होतं. माहितीपुस्तकात छापलेलंही होतं. पाच हंगाम त्या माणसानं ती नावं हातानं भरली, आणि यात त्यांची काहीच चूक नव्हती.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, ज्यांनी पाहिलीत त्यांना कळेल. तोंड मातीनं बुजवलं की वरून चालणाऱ्याला खाली माल आहे याचा पत्ताही लागत नाही. (२००५च्या पुरात त्यातली बरीच गेली.) माझ्या सोयी तशाच पुरलेल्या होत्या.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७मध्ये ऑल्ट दाबलं की वरच्या रिबनच्या बटणांवरच अक्षरं उमटू लागली. मला ती युक्ती फार आवडते, कारण पाठ काही करावं लागत नाही. टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट-जी दाबून रिपोर्ट नावानं शोधता येतो. तशी शोधचौकट मीही दिली, आणि लोकांनी टाकलेल्या ज्या शब्दांना काहीच सापडलं नाही ते नोंदवत गेले. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता 'उचल'. मी मेनूत 'अग्रिम रक्कम' लिहिलं होतं! यार्डात असं कोण म्हणतं? आता तिथं उचलच आहे.

एफ ६साठी पॉपअप नको होता. घाईत बोटं पुढं गेलेली असतात, एंटर बसतो आणि खिडकी न वाचताच बंद होते. म्हणून तेच नाव लागोपाठ दुसऱ्यांदा आलं की त्या ओळीखाली बारीक अक्षरांत दिसतं: 'वरचीच ओळ हवी? एफ ६'. तीनदा वापरलं की ते दिसायचं थांबतं.

परवा दिवाणजींचा फोन आला. "उचल सापडली, ताई. आता शेतकऱ्याची मागची बाकी बघायला काय दाबू?"

एफ ९. तेही पहिल्यापासून आहे आणि स्क्रीनवर कुठंच लिहिलेलं नाही. या आठवड्यात तेच काम हातात घेतलंय.