मॅडम, याचा पुढे फायदा काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोणी एक नव्हे. शनिवारी आमच्याकडे रोबोटिक्सला पोराला सोडायला आलेले बाबा, सोसायटीच्या हळदीकुंकवात भेटलेल्या काकू, आमच्याच कारखान्यातले सुपरवायझर, सगळ्यांचा प्रश्न तोच: "मॅडम, हे रोबोट-बिबोट ठीक आहे, पण याचा पुढे फायदा काय होते?" प्रश्न सरळ आहे, तर आधी सरळच उत्तर देते.

मार्कांचा फायदा शून्य. दहावीला खेळाडूंना जादा गुण आहेत, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना आहेत, रोबोटिक्सला नाहीत. जेईई किंवा एमएचटी-सीईटीच्या मेरिट लिस्टमध्ये हा रकानाच नसतो. अमेरिकेतली बरीच कॉलेजं रोबोटिक्सच्या स्पर्धांतून आलेल्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात हे खरं आहे, पण नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या आठवीच्या पोराच्या आईला ते गाजर दाखवणं मला पटत नाही. काही जण एवढं ऐकूनच "बरं बरं" म्हणत गाडीला किक मारतात. त्यांचं काही चुकतं असंही नाही.

मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्स बघते आणि सुटीच्या दिवशी एका छोट्या संस्थेत रोबोटिक्सच्या टीम सांभाळते. पगार नाही, चहा मिळतो. जुनी किट गोळा करायची, शाळाशाळांतल्या पोरांच्या हातात द्यायची आणि थंडीत एक आंतरशालेय स्पर्धा भरवायची, इतकाच आमचा पसारा. नियम मात्र आमच्या मनचे नाहीत. ते 'फर्स्ट' नावाच्या अमेरिकी संस्थेच्या, लेगोच्या ठोकळ्यांनी खेळायच्या 'लेगो लीग' स्पर्धेवरून घेतलेत.

'फर्स्ट' काढली डीन केमन या संशोधकानं, १९८९ साली. अंगावर बाळगता येणारा इन्शुलिन पंप त्याच्या नावावर आहे. उभ्यानं चालवायची ती दोन चाकांची सेगवे पुढे त्यानंच आणली. त्याचं दुखणं असं की अमेरिकेतल्या पोरांना खेळाडू आणि नट पाठ, शास्त्रज्ञ एकही ठाऊक नाही. यावर त्यानं व्याख्यानं ठेवली नाहीत, विज्ञानाचाच सामना भरवला: प्रेक्षक, आरडाओरडा, स्कोअरबोर्ड सगळं धरून. त्याला साथ मिळाली एमआयटीच्या वूडी फ्लॉवर्स या प्राध्यापकाची. हे गृहस्थ वर्गात मुलांना एकसारख्या सामानाचा डबा द्यायचे, त्यातून यंत्र करायला लावायचे आणि ती यंत्रं एकमेकांसमोर उतरवायचे. १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावात, एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. लहान मुलांसाठीची लेगो लीग १९९८ नंतरची. पोरांना विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताकडे, म्हणजे आता सगळे ज्याला 'स्टेम' म्हणतात त्याकडे वळवायचं, हा या सगळ्याचा हेतू.

आता गंमत बघा. केमनचं दुखणं आपल्याकडे नाहीच. नागपुरात कोणाला इंजिनिअरिंगकडे वळवावं लागतं? शंकरनगर चौकातून लक्ष्मीनगरपर्यंत गाडीवर जा, होर्डिंगवरचे रँकवाले चेहरे मोजता येणार नाहीत. पोरगं नववीत गेलं की घरात फाउंडेशन कोर्सचं बोलणं सुरू होतं. ओढ भरपूर आहे. पण त्या पोरानं आयुष्यात एक स्क्रू पिळलेला नसतो. त्याला गणितात ९५ मिळतात, म्हणून तो इंजिनिअर होणार. ते काम त्याला आवडेल की नाही, हे घरात कोणी विचारलेलं नसतं आणि त्यालाही सांगता यायचं नाही, कारण ते काम त्यानं पाहिलेलंच नाही. मग दोन वर्षं कोचिंग, चार वर्षं कॉलेज, आणि तिसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात येतं की आपल्याला यात राम वाटत नाही. अशी तरुण मुलं ट्रेनी म्हणून आमच्याकडे येतात. हुशार असतात, पण मशीन बंद पडलं की दोन पावलं मागे सरकतात.

म्हणून माझं उत्तर असं, की एका सीझनमध्ये, म्हणजे ऑगस्टपासून थंडीतल्या स्पर्धेपर्यंत, पोराला हे काम आवडतं की नाही ते कळतं. बाराव्या-तेराव्या वर्षी कळतं आणि तुलनेनं स्वस्तात कळतं. 'नाही' कळलं तरी मी तो फायदाच धरते. पालक धरत नाहीत, तो आमचा जुना वाद.

कळतं कसं, ते नीट सांगायला हवं. टेबल असतं साधारण ८ फूट बाय ४ फुटांचं, त्यावर छापील मॅट आणि लेगोची मॉडेल. रोबोटनं जाऊन कुठे दांडा उचलायचा, कुठे काही ढकलायचं, कुठून वस्तू परत आणायची. वेळ अडीच मिनिटं. रिमोट नाही. पोरांनी जे प्रोग्राम करून ठेवलंय तेवढंच रोबोट करणार. तो बाहेर अडकला आणि तुम्ही हात लावून उचलला, तर टीमच्या टोकनांतलं एक जातं, आणि टोकन कमी होत गेली की गुण जातात. कोच टेबलाजवळ येऊ शकत नाही. तीन सामने होतात, त्यातला सर्वांत चांगला धरतात.

अडीच मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. मी त्यात पोरं रडताना पाहिलीत.

एका टीमचं उदाहरण देते. त्यांचा रोबोट सकाळी अगदी काटकोनात वळायचा आणि दुपारी कमी वळून मॉडेलच्या बाजूनं निघून जायचा. कोड तोच, बॅटरी भरलेली. टीममधला कोडवाला मुलगा आकडे वाढवत बसला. ९० चे ९४ केले, मग ९७. जमलं म्हणेपर्यंत पुढच्या रनला रोबोट जास्तच वळला. दोन मुली त्याच्यावर चिडल्या, तो त्यांच्यावर. मला कारण दिसत होतं, पण कोचनं तोंड उघडायचं नाही हा आमचा पहिला नियम, आणि खरं सांगते, सगळ्यांत अवघड नियम तोच. टीममध्ये एक अबोल पोरगा होता, महाल भागातल्या पिठाच्या चक्कीवाल्याचा. त्यानं स्केचपेननं टायरवर एक रेघ मारली आणि जमिनीला कान लावल्यागत आडवा पडून चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाक पूर्ण फिरून राहिलं ना बे. गाडीच नाही वळून राहिली."

बरोबर होतं. कोड चाकाचे फेरे मोजत होता. हॉलची शटरं उघडी, बाहेर मैदान, दुपारपर्यंत मॅटवर धुळीचा थर. टायर जागच्या जागी घसरत होतं आणि रोबोटला वाटत होतं आपण वळलो. पट्टा घसरला की मोटर फिरते, दगड फिरत नाही, हे तो पोरगा घरी लहानपणापासून बघत आलेला. ओल्या फडक्यानं टायर पुसल्यावर रोबोट पुन्हा काटकोनात आला. पण त्यावर न थांबता त्यांनी वळणं जायरो सेन्सरवर नेली, म्हणजे चाक किती फिरलं ते न मोजता अंग किती वळलं ते मोजायचं. जायरोचंही एक खूळ असतं. शून्यावर आणताना रोबोट हलला तर पुढची सगळी मापं चुकतात. तेही त्यांना एक सामना घालवूनच कळलं.

त्या दुपारी दोन गोष्टी झाल्या. चक्कीवाल्याच्या पोराला गणितात जेमतेम साठ पडत होते आणि घरच्यांनी त्याला मनातल्या मनात दुकानावर बसवून टाकलं होतं. तो आता पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करतोय. आणि कोडवाला हुशार मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मला हे नाही आवडत. कागदावर बरोबर असलेलं इथं चुकते." त्याला शुद्ध गणित आवडत होतं. त्याचे बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

सामन्याच्या गुणांवर सगळं नसतं, हेही पालकांना पचत नाही. मोठं बक्षीस ठरवताना रोबोटच्या खेळाला चौथाई वजन असतं. बाकीची तीन चौथाई रोबोटच्या रचनेला, संशोधन प्रकल्पाला आणि टीम एकमेकांशी कशी वागते त्याला, सारखी वाटून. यासाठी पोरं जजसमोर बसतात. मीही कधी कधी जज असते, अर्थात दुसऱ्यांच्या टीमना. पाठ केलेलं इंग्रजी भाषण मिनिटभर ऐकते आणि मग मराठीत विचारते, "हा हात आधी लांब होता ना? काहून कापला?" ज्यानं तो केलाय त्याचे डोळे चमकतात, तो मराठी, हिंदी, मिळेल त्या भाषेत सुटतो. ज्यानं केलेला नाही तो दाराकडे बघतो, जिथे सर उभे असतात.

ऑगस्टमध्ये सीझन सुरू होतो, त्याच सुमारास आपल्याकडे तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी बैल सजवून मिरवायचा सण येतो, आणि दरवर्षी मला तेच दिसतं. बक्षीस मिळतं ते ज्याच्या बाबांनी लाकडी बैलाला सगळ्यात भारी झूल शिवून घेतली त्या पोराला. त्यानं नुसती दोरी धरलेली असते. तान्ह्या पोळ्यात त्यात वाईट काही नाही, तो सणच कौतुकाचा आहे. रोबोटच्या टेबलावर मात्र बाबांनी शिवलेली झूल चालत नाही. म्हणजे चालून जाते कधी कधी, आम्ही काही देव नाही. पण त्या पोराला त्यातून काहीच कळलेलं नसतं, आणि तुमचा पैसा खरंच वाया गेलेला असतो.

वूडी फ्लॉवर्सनी या स्पर्धांना एक वळण लावलं. जीव तोडून लढायचं, पण समोरच्याला पाडून नाही. 'फर्स्ट'च्या मोठ्या मुलांच्या एका गटात तर दोन टीम मिळून दुसऱ्या दोघांशी खेळतात आणि जोड्या दर सामन्याला बदलतात. सकाळी ज्याला हरवलं तो दुपारी तुमच्या बाजूला. आमच्या स्पर्धेत एकदा एका मुलीनं ऐन वेळी शेजारच्या टीमला स्वतःची जादा केबल दिली. तिचे काका गॅलरीतून ओरडले, "अवो, कायले दिली?" तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. कारखान्यात रात्रपाळीला शेजारच्या शॉपमधून बेअरिंग उसनं आणायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला या सवयीची किंमत मी सांगायला नको.

केबल देणाऱ्या त्या मुलीचंच पुढचं सांगते. गेल्या सीझनचा, २०२५-२६ चा विषय होता पुरातत्त्व. टीमला उत्खननाशी संबंधित एखादी अडचण शोधून त्यावर उपाय सुचवायचा होता. तिच्या टीमला कोणीतरी काटोल रोडवरच्या जुनापाणीचं सांगितलं. तिथे सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथे खोदून लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्याच्या लगामाचे भाग बाहेर काढले. नागपुरात जन्म काढलेल्या पालकांपैकी एकानंही ते नाव ऐकलं नव्हतं. मीही त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा गेले. झुडपांतून वाट काढत पोरं एकेक दगड बघत होती आणि त्यावर कोरलेले गोल खळगे वहीत उतरवत होती. सगळे दमून बसले, ही पोरगी मात्र दगडांपासून हलायला तयार नाही. परत आल्यावर रोबोटमधलं तिचं लक्षच उडालं. आता नववीत आहे आणि तिला विद्यापीठातल्या प्राचीन इतिहास व पुरातत्त्व विभागात काय शिकवतात ते हवंय. तिच्या आईनं मला विचारलं, "मग हे रोबोटिक्स वाया गेलं म्हणायचं का?" स्टेमसाठी देणगी देणाऱ्याला हे कसं सांगायचं, ते मलाही अजून सुचलेलं नाही. पण आईला मी म्हटलं, की तिला लाखभराच्या कोचिंगनंतर हे कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

पैशाचं म्हणाल तर किट महाग आहेत, हे मान्यच. त्यात लेगोनं १९९८ पासून चालवलेली माइंडस्टॉर्म्स मालिका २०२२ अखेर बंद केली, त्यामुळे जुन्या संचांचे सुटे भाग आम्ही जपून जपून वापरतो. नीती आयोगाच्या योजनेत बऱ्याच शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हातानं काही करून बघायच्या खोलीसाठी, २० लाखांपर्यंत अनुदान मिळालंय. तुमच्या पोराच्या शाळेत अशी लॅब आहे का ते विचारा, आणि असेल तर किल्ली कोणाकडे असते तेही विचारा. मी पाहिलेल्या काही लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटरवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

खासगी क्लास लावायचा तर खुशाल लावा, काही फार चांगले आहेत. फक्त तिथे गेल्यावर कपाटातल्या ट्रॉफ्या बघू नका, टीमची वही मागा. त्यात खाडाखोड असेल, चार वेगवेगळी अक्षरं असतील, "आज पण नाही चालला" असं कुठेतरी लिहिलेलं असेल, तर फी भरा. सगळी पानं एकाच सुवाच्य अक्षरात असतील तर ते सरांचं अक्षर आहे.

आमच्याकडे नावं ऑगस्टमध्ये घेतो. एका टीममध्ये जास्तीत जास्त १० मुलं. पालकांच्या खुर्च्या बाहेर व्हरांड्यात असतात आणि दार आम्ही आतून लावून घेतो.