सायकल नसलेल्या घरातून हरेगावला

विळद घाट मागे पडेपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. जपमाळ हातात होती, ओठ हलत होते, पण मरियेच्या प्रार्थनेत ‘आम्हा पाप्यांसाठी’ आलं की आवाज खाली बसायचा. शेजारी चालणाऱ्या मावशींना वाटलं, मला दम लागलाय. त्यांनी पिशवीतून लिमलेटची गोळी काढून दिली.

आमची पदयात्रा गुरुवारी पहाटे नगरहून निघाली होती. पुढे क्रूस, मागे निळे झेंडे, सगळ्यात मागे टेम्पो. टेम्पोत ताडपत्र्या, पिठाचे डबे आणि भोंग्याची बॅटरी. मतमाउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं, मरियेचं हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात, आमच्याकडून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे तीन दिवसांची चाल. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला, त्याला धरून तिथे यात्रा भरते. आमच्या शेजारच्या काकू याला सरळ ‘तुमची वारी’ म्हणतात. मला ते कधी खटकलं नाही. ढोलकी आमच्याकडेही असते, पायांना फोड आमच्याही येतात.

बाकीचे कुणी नवस फेडायला निघाले होते, कुणी बोलायला. मी निघाले होते एका चिठ्ठीमुळे.

माझी लेक तिसरीत आहे. ऑगस्टमध्ये तिची गणिताची चाचणी होती. मी रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आले. वॉर्डात रात्रभर दोन पेशंट सिरियस, डोळे चुरचुरत होते. आल्याबरोबर तिला नऊचा पाढा म्हणायला लावला. नऊ सख चोपन्नपर्यंत गाडी आली आणि अडकली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली. सपाट बाजूनं मारणार होते. लागली ती कड. मनगटाच्या वर लाल रेघ उठली, बोटभर लांब. ती रडली नाही. ‘त्रेसष्ट’ म्हणाली. बरोबर म्हणाली.

मी नर्स आहे. त्या रेघेला मलमही मीच लावलं, अगदी शिकवल्याप्रमाणे, आतून बाहेर.

दोन दिवसांनी शाळेच्या गेटवर तिच्या वर्गबाई भेटल्या. हसून म्हणाल्या, “अहो, सायकल जरा जपून चालवू द्या तिला. हात किती खरचटलाय!” मी “हो हो” म्हटलं. आमच्या घरात सायकल नाही. कधीच नव्हती.

मी तिला काही विचारलं नाही. हीच खरी चूक, असं आता वाटतं. मारणं एका क्षणाचं होतं, गप्प बसणं पंधरा दिवसांचं.

मग तिच्या कंपासपेटीत ती चिठ्ठी सापडली. चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात त्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला ती जाते. त्याआधी पहिलं पापनिवेदन असतं, म्हणजे फादरांसमोर आपली पापं सांगायची, आणि सिस्टरांनी मुलांना सांगितलं होतं की आपली पापं आठवून ठेवा. हिनं लिहून ठेवली होती. वहीचा अर्धा कागद, वर क्रूस काढलेला.

१. मी बाईंना खोटं बोलले. (सायकल)
२. मी दादाचं चॉकलेट खाल्लं.
३. मी मम्मीला राग आणते.

मी कागद होता तसा घडी करून ठेवला आणि संध्याकाळी पदयात्रेत नाव दिलं. लोक म्हणाले, किती श्रद्धा! श्रद्धा कसली, मला तीन दिवस तिच्या डोळ्यांसमोरून दूर जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, “जा तू, मी बघते पोरांकडं.” आणि मागून, “पोरं मार खाल्ल्याशिवाय शिकत नाहीत गं, एवढं काय मनाला लावून घेतीस?” त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. मी तर नव्हतं.

पहिल्या दिवशी नगर-मनमाड रस्त्यावर चालणं म्हणजे शिर्डीच्या गाड्या चुकवत खड्ड्यांच्या कडेनं सरकणं. कृषी विद्यापीठाच्या अलीकडे मुक्काम पडला. रात्री ताडपत्रीवर माझा दवाखाना सुरू झाला. आठ-दहा जणांच्या पायांना फोड आले होते. मावशी सुईत दोरा ओवून तयार बसलेल्या, फोडातून दोरा काढून तो तसाच आत ठेवायचा, पाणी झिरपून जातं म्हणे. मी म्हटलं, नका हो, त्या दोऱ्यानं जंतू आत जातात. कातडी हीच पट्टी, ती फाडायची नाही. वर कापूस ठेवून हलक्या हातानं बांधायचं, आपोआप बसतो. मावशी म्हणाल्या, “आमच्या आईनं हेच केलं, तिच्या आईनं हेच केलं.” आणि त्यांनी स्वतःच्या टाचेत दोरा घातलाच. सकाळी त्या माझ्यापेक्षा भरभर चालत होत्या, हेही सांगायला हवं.

शुक्रवार पावसात गेला. जपमाळेत रोज येशू-मरियेच्या जीवनातले पाच प्रसंग आठवतात, त्यांना रहस्ये म्हणतात, आणि प्रत्येकासाठी दहा प्रार्थनांचं एक दशक. शुक्रवारची रहस्ये दुःखाची, आणि राहुरीपासून पाऊस असा लागला की कुणाला आवाज चढवून जपमाळ म्हणता येईना. यंदा गणपती आणि यात्रा एकत्रच आले होते. रस्त्याकडेच्या एका मंडळाच्या पोरांनी आम्हाला मांडवात घेतलं, स्पीकर बंद केला, चहा दिला. आमचा क्रूस एका कोपऱ्यात, बाप्पा समोर, मध्ये पन्नास ओली माणसं. देवळाली प्रवराला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चपला चिखलानं किलो-किलोच्या झालेल्या.

शनिवारी ऊन पडलं. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच सोयाबीनचा पिवळा तुकडा. शनिवारी आनंदाची रहस्ये म्हणतात. प्रवरेच्या पुलाच्या अलीकडे पाचवं आलं, बाळ येशू मंदिरात सापडतो ते. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेलं. मावशी मात्र दशक संपल्यावर एकदम म्हणाल्या, “मला सांग, ह्याला आनंदाचं का म्हणत्यात? तीन दिवस पोरगं गायब हुतं!”

मी म्हटलं, सापडला म्हणून.

“सापडला ते शेवटी. आधी काय झालं ते बघ ना. हीसुद्धा यात्राच. वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमेला गेल्याली, आपल्यासारखी चालत. परतताना अख्ख्या दिवसाची वाट चालून गेली अन् मग ध्यानात आलं, पोरगं संगं न्हाई. मरियेच्या! देवाच्या आईच्या! एक दिवसभर ध्यानात न्हाई!” मावशींनी पदरानं तोंड पुसलं. “मीबी हरवलं होतं. ह्याच हरेगावात, धाकटं. चार वर्षांचं. तीन तास. भोंग्यावर नाव पुकारलं तव्हा कळलं, पोलिसाच्या मांडीवर बसून भेळ खातंय. मी काय केलं म्हाईतीय? आधी एक कानाखाली ठेवून दिली. मग मिठी मारली. अन् मग जी रडले!”

“मरियेनं नव्हती मारली,” मी म्हटलं.

“रागावली तर हुती! असा का वागलास आमच्याशी, म्हणाली का न्हाई? शास्त्रात लिवलंय.” आणि मग माझ्याकडे न बघताच, “तू कुणाला हरवून आलीस गं? गुरुवारपास्नं बघतीय.”

मी सांगितलं. पट्टी, रेघ, सायकल, चिठ्ठी. बेलापूर येईपर्यंत सांगत होते. मावशींनी ना समजूत काढली, ना ‘आई आहे, चालायचंच’ म्हटलं. फक्त चालण्याचा वेग कमी केला. श्रीरामपूर कसं गेलं ते आठवत नाही.

संध्याकाळी हरेगाव. एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव, कारखाना कधीच बंद पडला. यात्रेत मात्र मुंगीला वाट नाही. बांगड्यांची दुकानं, रेवड्या, आकाशपाळणा, आणि मेणबत्त्या इतक्या की जवळ गेलं की तोंडावर धग येते. कुंकू लावलेल्या बायकाही रांगेत होत्या, ओटी घेऊन आलेल्या. माउलीच्या दारात कुणी कुणाला विचारत नाही.

पापनिवेदनाला फादर मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून बसले होते, प्रत्येकासमोर रांग. माझा नंबर आला तेव्हा वर भोंग्यावर घोषणा चालू होती, लाल फ्रॉक, वय पाच, आईनं ताबडतोब कार्यालयाजवळ यावं. फादरांनी हात करून मला थांबवलं. आम्ही दोघं घोषणा संपेपर्यंत ऐकत राहिलो. मग मी बोलले. पट्टीपेक्षा चिठ्ठीचं सांगताना जास्त अडखळले. म्हटलं, फादर, माझं पाप तिनं तिच्या यादीत लिहिलंय. आणि हेही म्हटलं, की पुन्हा असं करणार नाही असं मी म्हणेन, पण मी स्वतःला ओळखते.

फादर वयस्कर होते. थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “नऊचा पाढा येतो का आता तिला?”

“नाही फादर. अजून सहावर अडकते.”

“मीही तिथंच अडकायचो.” आणि मग, “देव क्षमा करतोच. तुम्ही रांगेत उभ्या राहिलात तेव्हाच तो निघाला होता. आता प्रायश्चित्त. जपमाळेचं एक दशक. एकटीनं नाही, मुलीबरोबर. पण त्याआधी तिच्याशी बोला.”

मी दहा दशकं एकटीनं म्हटली असती, गुडघ्यांवर. हे एकच अवघड होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, आटपा.”

रविवारी सकाळी मोटरसायकलवरून हे पोरांना घेऊन आले. लेक धावत आली आणि आधी माझे पाय बघितले. “मम्मी, तू पण पडलीस?”

मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, सुरू व्हायला वेळ होता. एका बाभळीखाली तिला घेऊन बसले. म्हटलं, तुझी चिठ्ठी मी वाचली. तिचा चेहरा उतरला, चोरी पकडल्यासारखा. म्हटलं, पहिलं आणि तिसरं खोड. ती दोन्ही माझी आहेत. मी तुला मारलं, ते चूक होतं. तुझ्या पाढ्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं. मला माफ कर.

तिनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. काडीनं मातीत रेघा ओढत होती.

“तू फादरना सांगितलंस?”

“हो.”

“सायकलचं पण?”

“सायकलचं पण.”

“मग मम्मी, सायकल घ्यायची का? म्हणजे खोटं राहणार नाही.”

मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. ती गोंधळून बघत राहिली. मनगटावरची रेघ आता जेमतेम दिसत होती, फिकट, दोऱ्यासारखी. माझ्या हातांची सवय काही एका दिवसात जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिनं तो हात माझ्या मांडीवर ठेवला होता, बिनघोर.

दशक सुरू केलं. जपमाळ माझ्याकडे, पण तिला मण्यांवर भरवसा नाही, ती बोटांवर मोजते. मी अर्धं म्हणायची, उरलेलं ती. “आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणसमयी,” ती भरभर म्हणून टाकायची, पाठ केल्यासारखं, पुढच्या बोटावर जायच्या घाईनं. या वेळी माझा आवाज बसला नाही. बसला असता तरी तिनं ओढून नेला असता.

मध्येच भोंगा खरखरला, कुणाची तरी पिशवी सापडली होती. माझा आकडा चुकला.

“नऊ झाले, मम्मी,” ती एक अंगठा उभा धरून म्हणाली. “एक राहिलंय.”