मॅक वन घ्यायची की जीटी घडवायची? मिशिगनमधला माझा अनुभव

मार्च २०२२. शोरूममधल्या मॅक वनच्या, म्हणजे फोर्ड मस्टँगच्या स्पेशल एडिशनच्या, काचेवर दोन कागद चिकटवलेले होते. एक कंपनीचा छापील, सगळं धरून ५५ हजार डॉलरच्या आसपासचा. शेजारी विक्रेत्याने स्वतः लावलेला दुसरा, वर आणखी १० हजार मागणारा. चिपांच्या टंचाईचे दिवस होते, गाड्या मोजक्याच यायच्या, आणि मागितलेली किंमत देणारं गिऱ्हाईक मागे उभंच असायचं. मला गाडी मनापासून आवडली होती. पण त्या १० हजारांच्या बदल्यात एक साधा बोल्टही मिळणार नव्हता. मी घरी आलो. जीटी, म्हणजे नेहमीची व्ही-एट मस्टँग, घेऊन ती हवी तशी घडवावी का, हे ठरवायला मॅक वनमध्ये नेमकं काय जास्त आहे, त्याचा कागद करायला बसलो.

तो कागद करताना मला पहिल्यांदा कळलं की स्पेशल एडिशन म्हणजे बोनेटवरचे पट्टे नव्हेत. इंजिन तेच, ५.० लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट. पण जीटीमध्ये ४६० हॉर्सपॉवर, तर मॅक वनमध्ये ४८०, कारण इंजिनला हवा पुरवणारा इनटेक मॅनिफोल्ड शेल्बी जीटी३५० या जास्त ताकदीच्या मस्टँगचा. ट्रेमेक कंपनीचा सहा गिअरचा गिअरबॉक्सही तिथूनच आलेला. इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्स ऑइल थंड ठेवायला पुढे दोन्ही बाजूंना कूलर. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलची कूलिंग आणि मागची सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शनचा सांगाडा, शेल्बी जीटी५००ची. रस्त्याप्रमाणे आपोआप कडक-मऊ होणारे मॅग्नेराइड शॉकअप सगळ्या मॅक वनना. आणि कागदावर मांडता न येणारी गोष्ट म्हणजे हे सगळे भाग एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी कंपनीने केलेलं काम. स्टिअरिंग, शॉकअप, स्प्रिंगा, ब्रेक यांचं गणित एकत्र बसवलेलं असतं. ते सुटं विकत मिळत नाही.

असं असूनही मी जीटी घेतली. मला माझ्या हाताने काम करायचं होतं, हे एक कारण. दुसरं कारण, रोजच्या रस्त्यावर मला २० हॉर्सपॉवरचा फरक जाणवणार नव्हता, पण गाडी वळणात कशी बसते ते नक्की जाणवणार होतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घडवायची असेल तर सगळ्यात स्वस्त गाडी उचलू नका. जे भाग नंतर घालणं महाग किंवा किचकट असतं, ते कारखान्यातूनच बसवून आलेली गाडी शोधा. मी दोन महिने थांबलो आणि परफॉर्मन्स पॅकेज असलेली २०१८ची वापरलेली जीटी ३६,५०० डॉलरना घेतली. पुढे ब्रेंबो कंपनीचे सहा पिस्टनचे ब्रेक, ३८० मिलिमीटरच्या डिस्क, मागे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं टॉर्सन डिफरन्शियल आणि चटकन वेग घेणारं ३.७३चं गिअरिंग हे सगळं आधीच होतं. फक्त ब्रेक आणि डिफरन्शियल नंतर बदलायचं म्हटलं असतं, तरी माझं गणित तिथेच कोलमडलं असतं.

मग मी चूक केली. पहिल्याच महिन्यात स्प्रिंगा बदलून गाडी इंचभर खाली बसवली, कारण ती तशी दिसायला मला हवी होती. शॉकअप जुनेच ठेवले आणि चाकांचे कोन जुळवणारं अलाइनमेंट ‘पुढच्या पगारात’ म्हणून पुढे ढकललं. गाडी खाली बसली की चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, बदलतो, हे मला माहीत होतं. तरी ढकललं. सप्टेंबरपर्यंत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने पार झिजले होते. बाहेरून बघणाऱ्याला ते नवेच वाटले असते. टायरचे पैसे गेले ते गेले, पण त्याहून मोठं म्हणजे मी तीन महिने पावसात तसल्या टायरांवर गाडी चालवत होतो.

त्या वर्षी बाबा सांगलीहून आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. स्प्रिंगा मी कशा बसवल्या, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बुशचे नट आवळलेस तेव्हा चाकं जमिनीवर होती का अधांतरी?” बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी तुकडे. चाकं अधांतरीच होती. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि मी सगळे नट पक्के आवळून मोकळा झालो होतो. “मग रबर कायमचं पिळलेलं राहतंय की. वजन खाली आल्याशिवाय शेवटचा पीळ द्यायचा नाही. बसच्या पाट्यालाही हेच.”

शनिवारी आम्ही दोघांनी सगळं पुन्हा मोकळं केलं. या वेळी स्प्रिंगांशी जुळणारे शॉकअप घातले, पुढे चाकांचा कल जुळवणाऱ्या कॅम्बर प्लेट बसवल्या, मागच्या सबफ्रेमच्या बुशना आधार देणारे तुकडे लावले. चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून गाडीचं वजन त्यांवर घेतलं आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, एकेक नट आवळला. सोमवारी अलाइनमेंट. त्या संध्याकाळी गाडी पहिल्यांदा मला हवी तशी वळली. आधीचा उसळता मागचा भाग शांत झाला होता. या सगळ्या खटाटोपातला हा माझा सगळ्यात आवडता दिवस.

इंजिनला मी हात लावला नाही. वॉरंटी हे त्यामागचं एक कारण. अमेरिकेत १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण इंजिनचं ट्यूनिंग बदललं आणि नंतर इंजिनच बिघडलं, तर वाद कोणत्या दिशेला जाईल हे उघड आहे. पॉवरट्रेनची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांची होती आणि त्यातलं शेवटचं वर्ष माझ्या वाट्याला आलं होतं. ते मी जपलं. मिशिगनमध्ये धुराची चाचणी होत नाही, म्हणून काही जण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात. चाचणी नसली तरी केंद्रीय कायद्याने ते बेकायदाच आहे, आणि मागे चालणाऱ्याच्या नाकाचाही विचार करावा.

विम्याचं मात्र विसरू नका. बदललेले भाग कळवले नाहीत तर अपघातात भरपाई बहुधा मूळ गाडीपुरतीच मिळते. मी प्रत्येक पावती आणि फोटो पाठवून वेगळं संरक्षण घेतलं. पुण्याच्या मावसभावाला हे सगळं ऐकून हेवा वाटला. भारतात गाडीत बदल करण्यावर मर्यादा घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे एवढी मोकळीक नाही.

२०२३च्या जुलैमध्ये मी साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर गेलो आणि तिथे मॅक वनची किंमत मला खरी समजली. माझ्याच गटात एक मॅक वन होती. पहिली दहा मिनिटं आमच्यात काहीच फरक नव्हता. मग उन्हात माझ्या गाडीचं तेल तापायला लागलं, मी वेग कमी करून एक फेरी सावकाश काढली आणि आत आलो. तो पूर्ण वीस मिनिटं तसाच फिरत राहिला. रस्त्यासाठी केलेल्या गाडीकडून मी ट्रॅकचं काम मागत होतो. ज्या कूलरांवर शोरूममध्ये माझी नजरही ठरली नव्हती, ते तिथे काम करत होते.

हिशोब सांगतो. दोन वर्षांत झिजलेल्या टायरांसकट ९,८०० डॉलर लागले. गाडी धरून ४६,३००. त्या दिवशीच्या मॅक वनपेक्षा जवळपास १९ हजारांनी कमी, पण कूलर नाहीत, ट्रेमेक नाही, मॅग्नेराइड नाही. विकायला गेलो तर या ९,८०० मधले फार थोडे परत येतील, मॅक वनच्या मालकाला मात्र नावाचेही पैसे मिळतील. म्हणून वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जाणार असाल आणि छापील किमतीत मिळत असेल, तर स्पेशल एडिशनच घ्या. हे मी माझ्या गाडीवर जीव असूनही सांगतोय.

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ ही जुन्या-खास गाड्यांची जत्रा भरते, तेव्हा हा घोळ किती जुना आहे ते दिसतं. याच भागात रॉयल ओकमध्ये साठच्या दशकात रॉयल पॉन्टिअ‍ॅक नावाचं शोरूम होतं. ते पॉन्टिअ‍ॅकच्या नवीन जीटीओ गाड्या स्वतः ट्यून करून ‘बॉबकॅट’ म्हणून विकायचे. त्याला कस्टम म्हणायचं की स्पेशल एडिशन? तिथे १९६९च्या मॅक वनचे एक म्हातारे मालक माझ्या गाडीखाली वाकून बराच वेळ बघत होते. बुशच्या नटांवर आवळून झाल्यावर केलेल्या पांढऱ्या खुणा त्यांना दिसल्या आणि त्यांनी विचारलं, नट वजनावर आवळलेत का? मी हो म्हणालो.

मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप तळघरात एका खोक्यात ठेवलेत. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात चिकटपट्टी आहे: पुढचा डावा, पुढचा उजवा. एप्रिलमध्ये रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं आणि तापमान ७ अंशांच्या वर टिकायला लागलं की उन्हाळी टायर चढवायचे, आणि डिफरन्शियलचा कूलर बसवायचा. त्याचं खोकं गेल्या आठवड्यात आलंय.