लेखन कच्चं, तरी पुस्तक सुटत नाही

आज साताऱ्यात दिवसभर पाऊस, अजिंक्यतारा ढगात गडप. रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग' (2023) हे ड्रॅगनस्वारांच्या युद्धशाळेतलं काल्पनिक जगातलं पुस्तक दुसऱ्यांदा संपवलं, आणि तितकंच आवडलं.

लेखन कच्चं आहेच. तेच तेच शब्द, नायकाच्या रूपाचं वर्णन संपता संपत नाही, आणि ड्रॅगनवर बसणारी पोरं बोलतात मात्र आजच्या कॉलेजकट्ट्यावरचं.

पण बांधणी बघा. नायिका व्हायलेटचा टेर्न आणि नायक झेडनची स्गेल ही ड्रॅगनची नर-मादी जोडी. त्यांना फार दिवस लांब राहवत नाही, म्हणून एकमेकांवर खार खाणाऱ्या स्वारांनाही जवळ यावंच लागतं. वैरातून प्रेम फुलवायला याहून पक्कं कारण कुठलं?

आणि सुरुवातीचा, शाळेत शिरायला ओलांडावाच लागणारा तो 18 इंच रुंदीचा कठडा! खाली खोल दरी, वर पाऊस, आणि व्हायलेट भीती दाबायला पाठ केलेला इतिहास-भूगोल पुटपुटतेय. त्या जगाची सगळी माहिती तिथेच मिळते, ओझं न वाटता.

पुढच्या भागात, 'आयर्न फ्लेम'मध्ये मात्र 'तू माझ्यापासून लपवलंस' हे एकच भांडण इतकं ताणलंय, की मधली पानं रेंगाळतात. तिथे सोडू नका, शेवट जोरदार आहे. नकाशाच्या पानाला खूण घालून ठेवा, नावांचा गोंधळ होतो.