नाव एकाचं, लिहिणार दुसराच

घोस्ट रायटिंग म्हटलं की लोक लगेच नाकं मुरडतात, मला मात्र त्यातलं सगळंच काही वाईट वाटत नाही. खेळाडूच्या आत्मचरित्रात आयुष्य त्याचं आणि शब्द दुसऱ्याचे, पैसे आधीच ठरलेले, आणि वाचकालाही आतून ठाऊक असतंच की हा बाबा काही रात्र रात्र जागून एवढी पानं खरडणार नाहीये. मग फसवलं कोणाला? टेनिसपटू आंद्रे अगासीचं २००९ चं आत्मचरित्र जे. आर. मोरिंगरने लिहिलं, कव्हरवर नाव नको असं त्याचं स्वतःचंच म्हणणं होतं आणि अगासीने आभारात त्याचं नाव घेतलं. मिटला विषय!

पण लिहिणाऱ्याला नाही म्हणायची सोयच नसेल तर? फ्रेंच लेखिका कोलेतचं पहिलं पुस्तक १९०० साली नवऱ्याच्या नावावर आलं, म्हणजे 'विली' ह्या त्याच्या टोपणनावावर. तो तसाही इतरांकडून लिहून घेऊन स्वतःचं नाव लावण्यात पटाईत होता. पुस्तकं तुफान खपली, वाहवा त्याची, आणि १९०७ मधे पठ्ठ्याने त्यांचे हक्कसुद्धा परस्पर विकून टाकले. ह्याला करार वगैरे म्हणू नका प्लीज.

फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमाच्या बाबतीत मात्र माझं मत डळमळतं. त्याच्या 'थ्री मस्केटिअर्स' कादंबरीचे आराखडे आणि कच्चे मसुदे ऑग्युस्त माके करायचा, ड्यूमा त्यावर हात फिरवायचा, पुस्तकावर नाव एकट्या ड्यूमाचं. माके कोर्टात गेला, १८५८ मधे त्याला पैसे मंजूर झाले पण सहलेखक म्हणून नाव काही मिळालं नाही. आता गंमत अशी की त्याचे जे मसुदे नंतर छापले गेले ते ड्यूमाच्या पानांशेजारी ठेवले तर जान ड्यूमानेच ओतली असं बऱ्याच जणांना वाटतं. असेलही, पण म्हणून दुसरं नाव छापायला काय जात होतं?

ह्या सगळ्यात नुकसान फार तर लेखकाचं. माझं डोकं खरं फिरतं ते मेडिकल जर्नल्समधल्या प्रकाराने. औषध कंपनी पैसे देऊन लेख लिहून घेते आणि मग त्यावर नाव टाकायला एखादा मोठा डॉक्टर गाठते. २००९ मधे अमेरिकेत कोर्टातली कागदपत्रं उघड झाली त्यात पाळी कायमची गेल्यावर घ्यायच्या हार्मोन गोळ्यांची तरफदारी करणारे असे २६ लेख सापडले, १९९८ ते २००५ मधले. मधल्या काळात, २००२ मधे, ह्याच गोळ्यांच्या एका प्रकारावरची मोठी चाचणी थांबवावी लागली होती कारण गोळ्या घेणाऱ्या बायकांमधे स्तनाचा कॅन्सर आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. लेखावरचं नाव बघून भरवसा ठेवणारा डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहिणार, गोळी घेणार त्याची पेशंट, आणि ज्याचं नाव छापलंय त्याच्या बायोडेटात एक पेपर वाढणार.